दात्याची बुडालेली मजुरी कुणी भरायची?

जिवंतपणी किडनी किंवा यकृताचा भाग देणाऱ्या माणसाला सरकारने आर्थिक आधार द्यावा, असं कुणी म्हटलं की पहिला आक्षेप ठरलेला असतो. आज भरपाई द्याल, उद्या भाव ठरवाल, परवा बाजार मांडाल. पैसा मधे आला की माया संपते आणि दलाल शिरतो. हा आक्षेप घेणारी माणसं बहुधा सज्जन असतात. त्यांत आयुष्यभर किडनीच्या रुग्णांची सेवा केलेले डॉक्टर असतात, समाजसेवक असतात, कायद्याचे जाणकार असतात. त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण त्यांचा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्याची झळ ज्यांना बसते त्यांच्या गाठीला आधीच काही नसतं.

या भीतीमागे खरा इतिहास आहे, आणि तो मुंबईचा आहे. 1980च्या दशकात हे शहर किडनी विकत मिळण्याचं ठिकाण म्हणून आखाती देशांत माहीत होतं. संयुक्त अरब अमिराती आणि ओमानमधून इथे येऊन विकतची किडनी बसवून घेतलेल्या सव्वाशेहून अधिक रुग्णांचा अभ्यास 1990मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण मोठं होतं आणि काहींना एचआयव्हीसारखे संसर्ग झाले होते. किडनी देणाऱ्यांचं पुढे काय झालं, याची त्या काळी कुणी नोंदही ठेवत नव्हतं. हे थांबवण्यासाठी कायदा हवा होता. संसदेने तो करावा असा ठराव ज्या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी केला ती म्हणजे गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र. त्यातून 1994चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आला. अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरली. 2011च्या दुरुस्तीने ती शिक्षा पाच ते दहा वर्षांची कैद आणि 20 लाख ते 1 कोटी रुपयांचा दंड इतकी कडक झाली.

आक्षेप घेणारे इथपर्यंतचा कायदा सांगतात आणि थांबतात. पुढचं कलम ते वाचत नाहीत.

याच कायद्याच्या कलम 2मध्ये, कोणत्या पैशाला मोबदला म्हणायचं आणि कोणत्या पैशाला म्हणायचं नाही, हे संसदेने स्पष्ट लिहून ठेवलं आहे. अवयव काढण्याचा, नेण्याचा आणि जतन करण्याचा खर्च मोबदल्यात मोडत नाही. अवयव दिल्यामुळे दात्याला थेट सोसावा लागलेला वाजवी खर्च मोडत नाही. आणि त्याची बुडालेली कमाईसुद्धा मोडत नाही. म्हणजे दात्याच्या खाड्याची भरपाई करणं म्हणजे किडनी विकत घेणं नव्हे, हा निवाडा 1994मध्येच झाला आहे. जगाचं मतही वेगळं नाही. 2008च्या इस्तंबूल जाहीरनाम्याने अवयवांच्या व्यापाराचा कडक निषेध केला, आणि त्याच दस्तऐवजात दात्याच्या खऱ्या, दाखवता येणाऱ्या खर्चाची भरपाई योग्य ठरवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2010च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये बुडालेल्या उत्पन्नाचा उल्लेख आहे. व्यापाराविरुद्ध सगळ्यांत कठोर भूमिका घेणाऱ्यांनीच हा फरक केला आहे. तेव्हा भरपाई मागणारे कायदा सैल करा म्हणत नाहीत. कायद्यात तीस वर्षं नुसती पडून असलेली सोय वापरा, इतकंच त्यांचं मागणं आहे.

ती सोय पडून का राहिली? कारण कायद्याने भरपाईला मुभा दिली, पण ती कुणी द्यायची, किती द्यायची, कुठल्या कागदावर द्यायची हे ठरवणारी यंत्रणाच कुणी उभी केली नाही. रुग्णालय म्हणतं, आमचा संबंध शस्त्रक्रियेशी. रुग्णाच्या घरचे काही देऊ गेले तर तो व्यवहार संशयास्पद दिसतो, कारण दात्याने आणि रुग्णाने कोणतीही देवाणघेवाण झाली नाही असं लिहून दिलेलं असतं. म्हणून जिथे भरपाई होते तिथे ती गुपचूप, घरातल्या घरात, पावतीशिवाय होते. बाकीच्या ठिकाणी ती होतच नाही.

हा प्रश्न कागदावरून उतरवून एखाद्या वस्तीत नेला तर जास्त नीट दिसतो. वर्सोव्याचं उदाहरण घेऊ. इथून जवळच, चार बंगल्याला, कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालय आहे. किडनी, यकृत, हृदय यांची प्रत्यारोपणं तिथे होतात. प्रगत शस्त्रक्रिया वर्सोव्यापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. आणि त्याच रिक्षाच्या अंतरात मुंबईतली पगारी रजा नसलेली कितीतरी माणसं राहतात.

वर्सोवा कोळीवाड्यात होडीवर जाणारा खलाशी आहे, बंदरावर माशांचा वाटा उचलून पाटी डोक्यावर घेणारी कोळीण आहे, वलांडीवर बोंबील सुकत घालणाऱ्या बाया आहेत. यारी रोड आणि आरामनगरच्या गल्ल्यांत मालिका-चित्रपटांवर जगणारी मोठी वस्ती आहे: स्पॉटबॉय, लाइटमन, मेकअपचे मदतनीस, सहायक दिग्दर्शक. त्यांचा हिशेब शिफ्टवर चालतो, आणि केलेल्या शिफ्टचे पैसे नव्वद दिवसांनी हातात पडण्याची पद्धत या धंद्यात मुरलेली आहे. सात बंगला आणि लोखंडवालाच्या इमारतींत धुणीभांडी करणाऱ्या बायका आहेत. मालकाला रोजचं भाडं देऊन रिक्षा चालवणारे आहेत. यांतल्या कुणाच्या भावाची, नवऱ्याची, मुलीची किडनी निकामी झाली तर घरातून कुणीतरी पुढे येतं. मायेला कमी नसते. कमी पडतात ते पुढच्या दोन-तीन महिन्यांचे पैसे.

कारण किडनी देणं हे एका दिवसाचं काम नव्हे. आधी रक्तगट, मग ऊतीजुळणी, क्रॉसमॅच, किडनीची कार्यक्षमता मोजणारा स्कॅन, रक्तवाहिन्यांचा सीटी, हृदयाची तपासणी, मानसोपचारतज्ज्ञाची भेट. हे सगळं वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या खिडक्यांवर. खाजगी रुग्णालय परवडत नसेल तर वर्सोव्याहून मेट्रोने अंधेरी, तिथून लोकलने परळचं केईएम, आणि प्रत्येक फेरीला एक खाडा. मग कागदपत्रं. दाता जवळचा नातेवाईक असेल तर नात्याचे पुरावे. चुलतभाऊ, मेहुणा किंवा मित्र असेल तर प्राधिकार समितीपुढे मुलाखत. त्यानंतर शस्त्रक्रिया आणि रुग्णालयातले चार-पाच दिवस. आणि घरी आल्यावर साधारण सहा आठवडे जड वजन उचलायचं नाही ही सक्त ताकीद.

बँकेत बसणारा माणूस तीन-चार आठवड्यांत टेबलाशी परत येतो. पाटी उचलणारी कोळीण येऊ शकत नाही. जाळं ओढणारा खलाशी येऊ शकत नाही. यकृताचा भाग दिला असेल तर हाच काळ दोन ते तीन महिन्यांवर जातो. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत शस्त्रक्रिया बसवता आली तर कोळ्याचं थोडं निभतं, पण किडनी हंगाम बघून निकामी होत नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईला पहिला महिना मालकीण सांभाळून घेते, दुसऱ्या महिन्यात तिच्या जागी दुसरी बाई आलेली असते. घरात आधीच एक आजारी माणूस, त्याचं डायलिसिस, त्याची औषधं, आणि आता दुसरं कमावतं माणूसही अंथरुणावर. दागिने गहाण पडतात, भिशी मोडते, उसनवारी होते. त्या माणसाने सरकारी दप्तरात एक किडनी ‘निःशुल्क’ दिलेली असते. त्याच्या घरात मात्र तिचा खर्च पुढची काही वर्षं फिटत नाही.

सरकारला हे समजत नाही असं कुणी म्हणू नये. सरकारला ते चांगलं समजतं, हे त्याच्याच एका आदेशावरून दिसतं. एप्रिल 2023मध्ये केंद्राच्या कार्मिक विभागाने अवयव देणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना 42 दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मंजूर केली. आधी ही मुदत 30 दिवस होती. अवयव काढण्याची शस्त्रक्रिया मोठी असते, सावरायला वेळ लागतो, हे कारण दिलं गेलं. निर्णय योग्य आहे, स्वागतार्ह आहे. पण पूर्ण पगारी 42 दिवस म्हणजे सरकारी तिजोरीतून दात्याच्या 42 दिवसांच्या कमाईची भरपाईच. ती जाहीर झाली तेव्हा दिल्लीच्या मंत्रालयांतले कारकून आता किडन्या विकायला लागतील, असं कुणी म्हटलं नाही. म्हणण्यासारखं काही नव्हतंच. मग हाच आधार खलाशाला आणि मोलकरणीला द्यायचा म्हटला की त्यात बाजार कसा दिसायला लागतो? ज्याच्याकडे हजेरीपट आहे त्याला मिळालेले दिवस म्हणजे सवलत, आणि ज्याच्याकडे तो नाही त्याला दिलेले पैसे म्हणजे प्रलोभन, असं म्हणता येत नाही. तत्त्व एकच असेल तर ते नोकरीच्या प्रकाराने बदलू नये.

बुडालेली मजुरी देणं सरकारला नवीनही नाही. कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांना मजुरीच्या नुकसानीपोटी रक्कम देण्याची केंद्राची योजना 1981पासून आहे. क्षयरोगाच्या रुग्णांना पोषणासाठी 2018पासून दरमहा थेट खात्यात पैसे मिळतात. नसबंदीचं उदाहरण दिलं की आणीबाणीची आठवण निघते, आणि ती निघायलाच हवी. 1976मध्ये गरिबांवर जी जबरदस्ती झाली तिचं मूळ वरून ठरवून दिलेल्या उद्दिष्टांत होतं, आणि माणसं आणून देणाऱ्यांना मिळणाऱ्या बक्षिसांत होतं. तो धडा अवयवदात्यांच्या योजनेत पहिल्या ओळीतच लिहावा: कुणालाही उद्दिष्ट नाही, कुणालाही दलाली नाही, दाता आणल्याबद्दल रुग्णालयाला, डॉक्टरला, समन्वयकाला एक पैसाही नाही.

दुसरा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो. राज्याची योजना आहेच की, असं म्हटलं जातं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपण बसतं. 2023च्या शासन निर्णयाने त्याची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये झाली. ही वाढ गरजेची होती. पण त्या योजनेतला लाभार्थी रुग्ण आहे. दात्याचे खाडे, त्याच्या प्रवासाच्या फेऱ्या, तपासणीच्या दिवसांत पोरांना सांभाळायला ठेवलेलं माणूस, यांच्यासाठी तिच्यात जागा नाही. खाजगी आरोग्यविम्याची तीच गत. अवयव काढण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च रुग्णाच्या पॉलिसीत बहुधा बसतो, पण दात्याच्या आधीच्या तपासण्या आणि नंतर उद्भवलेले त्रास बहुतेक पॉलिसी वगळतात. एका शस्त्रक्रियेत दोन माणसं टेबलावर झोपतात. व्यवस्थेच्या लेखी त्यांतलं एकच माणूस असतं.

आणि हे दुसरं माणूस बहुतेक वेळा बाई असते. ‘नोटो’ या राष्ट्रीय संस्थेच्या आकडेवारीनुसार 2023मध्ये देशात 18,378 अवयव प्रत्यारोपणं झाली. त्या वर्षी जिवंत दाते 15,436 होते आणि त्यांत 9,784 स्त्रिया होत्या, म्हणजे सुमारे 63 टक्के. घेणाऱ्यांची बाजू पाहिली तर चित्र उलटं आहे. 1995 ते 2021 या काळात नोंदवलेल्या 36,640 प्रत्यारोपणांपैकी फक्त 6,945 स्त्रियांची होती. बायका देतात, पुरुष घेतात. याला मायेचं नाव देऊन पुढे जाणं सोपं आहे. पण घरात ‘कोण देणार’ हा विचार चालतो तेव्हा ‘कुणाचा खाडा घराला परवडेल’ हाही हिशेब होत असतो. नवऱ्याची किंवा भावाची कमाई बुडाली तर चूल बंद पडेल. बायकोच्या, आईच्या, बहिणीच्या कामाला दामच नाहीत, म्हणून तिचं अंथरुणावर पडणं फुकट धरलं जातं.

यावर एक गंभीर शंका घेतली जाते: भरपाई सुरू झाली तर घरच्यांचा बाईवरचा दबाव वाढेल. शंका खरी आहे. पण भरपाई नसताना तो दबाव कमी आहे का? वरचे आकडे आजचे आहेत, शून्य भरपाईच्या काळातले. दबावावर उपाय वेगळा आहे. अमेरिकेत 2007पासून प्रत्येक प्रत्यारोपण केंद्रात दात्याची बाजू घेणारी, रुग्णाच्या उपचारांशी संबंध नसलेली स्वतंत्र व्यक्ती असावी लागते. तशी व्यक्ती इथेही हवी. ती दात्याशी नातेवाइकांना बाहेर बसवून बोलेल. दात्याला नाही म्हणायचं असेल तर रुग्णालयाने घरच्यांना केवळ ‘वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही’ एवढंच कळवावं. पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात जावेत. आणि घरकाम करणाऱ्या, बाहेर कमाई नसलेल्या बाईलाही किमान वेतनाच्या दराने तेवढेच मिळावेत. ज्या कामाचे पैसे मोजले जातात त्याचा खाडा घरातही मोजला जातो. भरपाईमुळे पुरुषांनाही पुढे यायला एक सबब कमी होईल.

आता समोरच्या टोकाला उभ्या असलेल्यांकडे वळायला हवं. ते म्हणतात, एवढी घालमेल कशाला, सरळ नियंत्रित बाजारच उघडा. सरकारने भाव ठरवावा, गरिबाला पैसे मिळतील, रुग्णाला किडनी मिळेल, दलाल उपाशी मरतील. इराणने 1988पासून मोबदल्याची पद्धत चालवली आहे, तिचा दाखला ते देतात. भरपाईच्या बाजूने उभं राहणाऱ्यांनी या मंडळींशी हातमिळवणी करू नये. विक्रीने विकणाऱ्याचं भलं होत नाही, याचा पुरावा भारतातलाच आहे. चेन्नईत किडनी विकलेल्या 305 जणांचा अभ्यास 2002मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 96 टक्के लोकांनी कर्ज फेडायला किडनी विकली होती. अभ्यासाच्या वेळी तीन-चतुर्थांश लोक अजून कर्जातच होते. कुटुंबाचं सरासरी उत्पन्न एक तृतीयांशाने घटलं होतं. तब्येत खालावल्याचं 86 टक्क्यांनी सांगितलं. आणि दुसऱ्या कुणी असं करू नये, असा सल्ला 79 टक्क्यांनी दिला. इराणमध्येही किडनी देण्याच्या रांगेत बहुतांशी गरीबच आहेत.

महाराष्ट्राला त्यासाठी चेन्नईपर्यंत जायला नको. डिसेंबर 2015मध्ये अकोल्यात उघड झालेल्या प्रकरणात सावकाराच्या पाशात अडकलेल्या गरिबांना किडनी विकायला लावल्याचे आरोप होते, आणि काहींना त्यासाठी श्रीलंकेपर्यंत नेलं गेलं होतं. जुलै 2016मध्ये पवईच्या हिरानंदानी रुग्णालयातलं प्रकरण बाहेर आलं. बनावट कागदपत्रांनी एक स्त्री रुग्णाची पत्नी म्हणून उभी केली गेल्याचा आरोप होता, आणि ऑगस्टमध्ये पाच डॉक्टरांना अटक झाली. त्यांना पुढे जामीन मिळाला. 2022मध्ये पुण्यात पुन्हा तसाच प्रकार समोर आला. कोल्हापूरच्या एका स्त्रीने तक्रार केली की 15 लाखांचं आश्वासन देऊन तिला खोटी पत्नी बनवण्यात आलं आणि ठरलेले पैसे मिळाले नाहीत.

या प्रकरणांकडे बोट दाखवून आक्षेप घेणारे म्हणतात, बघा, म्हणूनच पैशाचं नाव नको. पण ही सगळी प्रकरणं पैशाचा एकही कायदेशीर रस्ता नसताना घडलेली आहेत. दलाल आला तो कर्ज होतं म्हणून आणि रुग्णाला दाता मिळत नव्हता म्हणून. घरातला खरा दाता तयार असूनही दोन महिन्यांची कमाई गमावणं न परवडल्याने मागे हटला, की रुग्णाचं कुटुंब पुढचा रस्ता शोधू लागतं. पैसे असतील तर तो रस्ता दलालाकडे जातो. खऱ्या दात्याचा अडसर दूर करणं हे दलालाच्या धंद्यावर घाव घालण्यासारखं आहे. एवढ्याने सगळे दलाल संपणार नाहीत, पण त्यांच्याकडे जाणाऱ्यांपैकी काहींना तरी परत घराकडे वळता येईल.

भरपाई आणि किंमत यांतला फरक नुसत्या भाषणात राहू नये, तो योजनेच्या नियमांत दिसला पाहिजे. त्याच्या कसोट्या ठरवता येतात. पैसे सरकारने द्यावेत, रुग्णाने नव्हे, म्हणजे श्रीमंत रुग्णाला जास्त मोजून दाता पळवता येणार नाही. रक्कम सगळ्यांना एकाच दराने असावी. ती प्राधिकाऱ्याच्या किंवा समितीच्या मंजुरीशिवाय मिळू नये. आणि सगळ्यांत महत्त्वाची कसोटी: दात्याने शेवटच्या दिवशी नकार दिला, किंवा तपासणीत तो अपात्र ठरला, तरी तोवर बुडालेल्या दिवसांचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत. विकणाऱ्याला माल दिल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. दात्याला मात्र अवयव न देताही खाड्याची भरपाई मिळत असेल, तर ती अवयवाची किंमत आहे असं कुणालाच म्हणता येणार नाही.

‘असंघटित माणसाकडे पगाराची स्लिप नसते, मग खोटे दावे होतील’, हा प्रशासनाचा आवडता आक्षेप. बाहेरच्या देशांनी त्याचं उत्तर शोधलेलं आहे. ऑस्ट्रेलियाने 2013मध्ये जिवंत दात्यांसाठी रजेच्या आधाराची योजना सुरू केली. तिथे नऊ आठवड्यांपर्यंत राष्ट्रीय किमान वेतनाच्या दराने पैसे मिळतात आणि स्वतःचा धंदा असलेल्यांनाही ती लागू आहे. इस्रायलने 2008च्या कायद्याने दात्याला 40 दिवसांच्या बुडालेल्या कमाईची भरपाई दिली. नोकरी नसलेल्यांना ती किमान वेतनाच्या आधारावर मिळते. अमेरिकेत 2007पासून गरजू दात्यांचा प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च देणारं केंद्र आहे आणि 2020पासून त्यात बुडालेली मजुरी आणि घरातल्या मुलां-वृद्धांना सांभाळण्याचा खर्चही धरला जातो. यांतल्या एकाही देशात त्यामुळे किडनीचा बाजार भरलेला नाही. महाराष्ट्राला प्रत्येक खलाशाची आणि स्पॉटबॉयची खरी कमाई शोधत बसण्याची गरजच नाही. किमान वेतनाचा सरसकट दर धरला की खोट्या स्लिपचा प्रश्न उरत नाही. आणि खोटा दाता उभा करून, किडनी काढून घेऊन, किमान वेतनाचे पैसे लुबाडण्याचा घोटाळा कुणी करेल, ही कल्पनाही टिकत नाही.

इथे आजच्या नियमांमधली एक विसंगती दाखवणं आवश्यक आहे. नातेवाईक नसलेल्या दात्याकडून समिती मागच्या तीन आर्थिक वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे मागते आणि दाता आणि रुग्ण यांच्या आर्थिक स्थितीतली तफावत तपासते. व्यापार रोखायला ही तपासणी हवीच. पण दाता गरीब आहे हे सरकारला कळतं ते फक्त संशय घेण्यापुरतं. तोच दाता खरा ठरला, समितीने त्याच्या मायेवर शिक्कामोर्तब केलं, की त्याच्या गरिबीशी सरकारचा संबंध संपतो.

मरणोत्तर दान वाढवा, जिवंत माणसाच्या अंगाला हात लावायची वेळच येणार नाही, असं सांगणारेही आहेत. मरणोत्तर दान वाढायलाच हवं. मुंबईत शीव रुग्णालयाच्या आवारातून चालणारं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र त्यासाठी वर्षानुवर्षं झटत आहे. पण 2023मध्ये सबंध देशात मरणोत्तर दाते 1,099 होते. त्याच वर्षी एकट्या किडनीची 13,426 प्रत्यारोपणं झाली. ही दरी दोन-पाच वर्षांत भरून निघणार नाही. तोवर देशाचा प्रत्यारोपण कार्यक्रम जिवंत दात्यांच्या खांद्यावर उभा आहे, आणि ज्यांच्या खांद्यावर तो उभा आहे त्यांच्यासाठी अंदाजपत्रकात काहीतरी असलंच पाहिजे.

मग पैशाचा प्रश्न. हिशेब अवघड नाही. दिवसाला 1,000 रुपये असा सढळ दर धरला आणि 60 दिवस दिले तर एका दात्यामागे 60,000 रुपये होतात. 2023मधल्या सगळ्या 15,436 दात्यांना, गरीब-श्रीमंत न पाहता, ते दिले तरी देशभराचा खर्च 93 कोटींच्या आत राहतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची 2025-26ची तरतूद जवळपास 1 लाख कोटी रुपये आहे. हजारात एक रुपयाही यासाठी लागत नाही. उलट बाजूला, आठवड्याला तीन वेळा डायलिसिस घेणाऱ्या रुग्णाला वर्षाला दीडशेहून अधिक वेळा मशीनला लागावं लागतं. गरीब रुग्णांचा हा खर्च 2016च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून आणि राज्यांच्या योजनांतून सरकारच उचलतं. प्रत्यारोपणानंतर औषधांचा खर्च राहतोच, पण ते चक्र थांबतं, खुर्ची मोकळी होते, आणि रुग्ण पुन्हा कामावर जाऊ शकतो.

दात्याने उचललेली जोखीमही या हिशेबात धरायला हवी. किडनी देणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेमुळे मृत्यूचं प्रमाण दहा हजारांत तीनच्या आसपास आहे. यकृत देणाऱ्यांमध्ये ते हजारात दोन ते पाच इतकं सांगितलं जातं. प्रमाण छोटं आहे, पण शून्य नाही. उरलेल्या एका किडनीवर जगणाऱ्याचा रक्तदाब आणि लघवीतली प्रथिनं जन्मभर तपासत राहावी लागतात. एखाद्याने दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी एवढं पत्करल्यावर त्याच्या वार्षिक तपासणीचा खर्च त्याच्याच माथी मारणं अन्यायाचं आहे. शस्त्रक्रियेशी संबंधित गुंतागुंतीचे आजीवन मोफत उपचार आणि दुर्दैवाने मृत्यू झाल्यास कुटुंबाला विम्याचं संरक्षण, हे भरपाईच्या योजनेचेच भाग असायला हवेत.

नोव्हेंबर 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवयव प्रत्यारोपणाबाबत राष्ट्रीय धोरण आखायला केंद्राला सांगितलं, आणि त्यात जिवंत दात्यांच्या कल्याणासाठी, शस्त्रक्रियेनंतरच्या त्यांच्या काळजीसाठी मार्गदर्शक तत्त्वं असावीत असंही बजावलं. केंद्राचं धोरण यायचं तेव्हा येईल. महाराष्ट्राने त्याची वाट बघण्याचं कारण नाही. आरोग्य हा राज्याचा विषय आहे. प्रत्यारोपणाची यंत्रणाही राज्यात तयार आहे: केईएममधलं विभागीय आणि राज्य प्रत्यारोपण संघटनेचं कार्यालय, मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली चार समन्वय केंद्रं, आणि प्रत्येक मान्यताप्राप्त रुग्णालयातले प्रत्यारोपण समन्वयक. दात्याची मंजुरी झाली की समन्वयकाने अर्ज भरायचा, राज्य कार्यालयाने पंधरा दिवसांत पहिला हप्ता दात्याच्या खात्यात टाकायचा, दुसरा हप्ता घरी गेल्यावर महिन्याने, तिसरा तपासणीला आल्यावर. दर किमान वेतनाचा, मुदत किडनीसाठी साठ दिवस आणि यकृतासाठी नव्वद. एवढं लिहायला एक शासन निर्णय आणि एक लेखाशीर्ष पुरतं. आरोग्यमंत्र्यांनी ते येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात मांडावं, आणि ज्यांना यात बाजार दिसतो त्या आमदारांनी सभागृहात उभं राहून, 1994च्या कायद्याचं कलम 2 हातात घेऊन, खलाशाच्या साठ दिवसांना आणि कारकुनाच्या बेचाळीस दिवसांना वेगळा न्याय का लावायचा, ते सांगावं.